ऐकून घेणारे साहेब

माझा डावा कान नेमका कधी गेला ते मला सांगता येत नाही. आमच्या खात्यात बोट गेलेली माणसं आहेत, त्यांना वार आणि वेळसुद्धा पाठ असते. कानाचं तसं होत नाही. तो रोज थोडा थोडा जातो आणि आपल्याला वाटत राहतं की हल्ली लोकच हळू बोलायला लागलेत.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपचा सुपरवायझर आहे. पत्रा ठोकून गाड्यांचे लहानमोठे भाग काढायचे, हे आमचं काम. बारा प्रेस एका छपराखाली चालतात. मी हेल्पर म्हणून लागलो तेव्हा कानात घालायला मशीन पुसायचा कापूस असायचा, तोही ज्याला हवा त्याने घ्यायचा. पुढे कंपनीने प्लग दिले, पण तोवर माझी पंधरा वर्षं त्या आवाजात गेली होती.

मला पहिल्यांदा कळलं ते एका लग्नात. आम्ही राहतो त्या बदलापूरच्याच एका हॉलमध्ये बँड वाजत होता. लांबच्या नात्यातला एक भाऊ माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला आणि काहीतरी बोलला. मला एक अक्षर समजलं नाही. लग्नात माणूस काय बोलणार, असा विचार करून मी हसून म्हटलं, "वा, छान छान." त्याचा चेहरा उतरला. तो उठून निघून गेला. नंतर जेवणाच्या रांगेत बायकोने सांगितलं की त्याची सख्खी बहीण अंथरुणाला खिळली आहे, डॉक्टरांनी आशा सोडली आहे. त्याला शोधून माफी मागायला हवी होती. पण त्यासाठी 'मला ऐकू येत नाही' हे तोंडाने म्हणावं लागलं असतं. मी ताट घेऊन एका खांबामागे उभा राहिलो आणि जेवलो.

त्यानंतर मी लग्नं टाळायला लागलो. मग बारशी, मग सोसायटीच्या मीटिंगा. टीव्ही बघणं सोडलं आणि मोबाईलवर खाली अक्षरं येणाऱ्या बातम्या बघू लागलो. कंपनीच्या बसमध्ये डाव्या खिडकीची सीट धरायचो, म्हणजे शेजारी बसणारा आपोआप उजव्या कानाला यायचा. तो कान अजून निम्मा शाबूत होता. वर्षातून एकदा कंपनीत कान तपासणारी गाडी यायची. काचेच्या खोक्यात बसवून कानाला हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बटण दाबायला सांगायचे. मला आवाज येत नसे. पण बाहेर बसलेला तपासणारा माणूस आवाज सोडताना कोपर किंचित हलवायचा. मी त्याच्या कोपराकडे बघून बटण दाबायचो. दर वर्षी पास व्हायचो.

ही लपवाछपवी कशासाठी? बहिऱ्या माणसाला प्रेस शॉपमध्ये ठेवत नाहीत, स्टोअरला बसवतात, हे एक कारण. दुसरं कारण आमच्याच खात्यातलं. एका म्हाताऱ्या फिटरला ऐकू येत नसे आणि त्याच्या पाठीमागे उभं राहून लोक काय काय बोलायचे, ते मी तरुणपणी ऐकलं होतं. मी त्यात हसलोही होतो.

माझी केबिन प्रेस शॉपला लागूनच आहे, पत्र्याची. दार लावलं तरी ठोके आत येतात. कुणी बोलायला आलं की माझे शब्द निसटायचे. म्हणून मी एक रीत पाडली. "इथे नको, चल मागे," म्हणायचं आणि त्याला स्टोअरच्या मागे न्यायचं. तिथे भिंतीलगत एक लाकडी बाक होता. समोरच्याला उजव्या हाताला, तोंडावर उजेड पडेल असा बसवायचं. मोबाईल खिशात, पेनही खिशात, कारण ओठांवरून नजर हलली की वाक्य गेलंच. मधे बोलायचं नाही, कारण दोन आवाज एकत्र झाले की मला काहीच कळत नसे. तो थांबला तरी लगेच उत्तर द्यायचं नाही. कळलेले शब्द जोडून न कळलेल्यांचा अंदाज बांधायला मला वेळ लागायचा. मग खात्री करायला विचारायचं, "म्हणजे तुझं म्हणणं असं का?" चुकलं असेल तर तो दुरुस्त करायचा.

मी हे सगळं माझी अब्रू वाचवायला करत होतो. समोरच्याला त्यातून काय मिळत होतं, हे मला मोरिवलीच्या एका ऑपरेटरमुळे कळलं.

हा गडी कारखान्याजवळच्या मोरिवली गावातलाच, जुन्या शेतकरी घरातला. कामाला चोख, पण तोंडाचा फटकळ. आमच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात डायखाली, साच्याखाली राहत नाही. एके दिवशी मी फिरताना पाहिलं, त्याने एक बटण पट्टीने बांधून ठेवलं होतं आणि एका हाताने काम झपाट्याने उरकत होता. नियमाप्रमाणे तिथल्या तिथे मेमो. पण तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलला आणि ते मला ऐकू आलं नाही. न ऐकता मेमो दिला तर पुढे तो म्हणणार, मी सांगितलं होतं. म्हणून प्रेस बंद करायला लावला आणि त्याला बाकावर घेऊन गेलो.

तो बसला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. सुरुवातीला तो रागाने भराभरा बोलला. टार्गेट, डाय, मागच्या शिफ्टचा माल, असे तुटक शब्द हाती लागले. अर्थ लागेना म्हणून मी गप्प राहिलो. तो थांबला. मी तरीही बघतच होतो. मग त्याने मान खाली घातली आणि सावकाश बोलायला लागला.

"सायेब, मना येक सांगाचं हाय. बापाला लकवा झालाय. वाचा गेली. दिवसभर काय तरी सांगत असतो, घरात कोणाला समजत नाय. मग रडतो. मी गेलो की माज्या हाताला धरून सांगतो. मना पन समजत नाय. पन मी बसतो. म्हनून माल लवकर उरकतो नि निघतो."

"म्हणजे घरी लवकर जाता यावं म्हणून बटण बांधलंस?"

"हा."

मी म्हटलं, "बसतोस, हे बरं करतोस." एवढंच. तो उठला, आत गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने पट्टी सोडली. मी मेमो लिहिला नाही. महिनाभरासाठी त्याची पहिली पाळी लावून दिली. तेवढं माझ्या हातात होतं.

त्याने जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण लोक माझ्याकडे यायला लागले. कुणी सांगायचा, अमुक प्रेसचा ब्रेक किंचित उशिरा लागतो, लॉगबुकात लिहिलं तर मेंटेनन्सवाले चिडतात. कुणी सांगायचा, काल माझी करंगळी थोडक्यात वाचली, पण कुणाला बोललो नाही. आधी या गोष्टी अपघात झाल्यावर कळायच्या, आता आधी कळू लागल्या. त्या वर्षी आमच्या खात्यात कुणाचं बोट गेलं नाही. दोन ऑपरेटर वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, ते निदान डाय बदलताना बोलायला लागले. कॅन्टीनमध्ये माझ्यामागे लोक मला 'ऐकून घेणारे साहेब' म्हणतात, असं मला कुणीतरी सांगितलं. तेही मी त्याला दोनदा विचारून घेतलं.

आमचा प्लांट मॅनेजर तरुण आहे, नव्या विचारांचा. एकदा त्याने सगळ्या सुपरवायझरांना हॉलमध्ये जमवलं आणि मला सांगितलं, "दहा मिनिटं बोला. माणसांचं कसं ऐकायचं, तुमची पद्धत सांगा." मी उभा राहिलो. मोबाईल खिशात ठेवा, तोंडाकडे बघा, मधे तोडू नका, घाई करू नका, हे सगळं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर प्रश्नोत्तरं होती. मागच्या रांगेतून एकाने काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "फार चांगला प्रश्न आहे, आपण निवांत बोलू." लोक पुन्हा टाळ्या वाजवत असताना मला त्या खांबामागे उभा राहून जेवलेला मीच दिसत होतो.

आता घरचं सांगतो.

डोळ्यांनी ऐकणं हे अंगमेहनतीचं काम आहे. आठ तास ओठ वाचले की संध्याकाळी डोकं बधिर व्हायचं. बदलापूरला घरी पोचलो, हातपाय धुतले की मला कुणाकडे बघायचं नसे. बायको पूर्वी बालवाडीत शिकवायची. बोलायची आवड, तेही नकला करून. मुलगी लग्न होऊन लांब गेली, बालवाडीही सुटली, आणि तिचं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं, नेमकं मी ऐकायचा थांबलो तेव्हा. ती ओट्याशी उभी राहून, माझ्याकडे पाठ करून, कुकरच्या शिट्टीत आणि एक्झॉस्टच्या घरघरीत काहीबाही सांगत असायची. मी बाहेरच्या खोलीतून म्हणायचो, "हं." थोड्या वेळाने पुन्हा, "हं." 'हं' कुठे टाकायचा याचा मला चांगला सराव झाला होता. वाक्य संपलं की आवाज थोडा उतरतो, तेवढं उजव्या कानाला कळायचं.

हळूहळू घर शांत झालं. मला ते बरं वाटलं, हे कबूल करतो. वाटलं, वयानुसार माणसं कमी बोलतात.

एकदा हळदीकुंकवाला तिला आमच्या कंपनीतल्या कुणाची तरी बायको भेटली. घरी आल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणून मला नीट कळलं.

"तुम्ही कारखान्यात सगळ्यांचं फार ऐकून घेता म्हणे."

"कोण म्हणालं?"

"म्हणत होती एक. तिचा नवरा म्हणतो, आमचे साहेब देवमाणूस आहेत." "मला तिला काय सांगावं कळेना. मी हो म्हटलं."

ती आत गेली. मी ते बोलणं थट्टेवारी नेलं.

काही महिन्यांनी कंपनीच्या कसल्याशा फॉर्मसाठी मी कपाटात आधार कार्डाची झेरॉक्स शोधत होतो. तिच्या साड्यांखाली हॉस्पिटलची एक फाईल सापडली. आत सोनोग्राफी, सुईने काढलेला नमुना, रिपोर्ट. छातीतली गाठ. रिपोर्ट चांगला होता, गाठ साधी होती. पण तारखा बघितल्या तर तीन वेगवेगळ्या दिवशी ती अंबरनाथच्या हॉस्पिटलात जाऊन आली होती. सोबत आलेल्या नातेवाइकाच्या सहीची जागा कोरी होती.

ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी फाईल घेऊन गेलो.

"हे कधीचं?"

तिने फाईलकडे बघितलं आणि पुन्हा कपडे झटकायला घेतले. मी तिच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "दोनदा. पहिल्यांदा तुम्ही 'हं' म्हणालात. दुसऱ्यांदा म्हटलं, उद्या नमुना काढणार आहेत, याल का? तर तुम्ही म्हणालात, 'बघू.'"

"मग तिसऱ्यांदा सांगायचं ना."

"कशाला?"

खाली भंगारवाला ओरडत असावा, कारण ती तिकडे बघायला वळली. मला तो ऐकू येत नव्हता. मी कठडा धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य मोठ्याने बोललो. "मला ऐकू येत नाही. डाव्या कानाने काहीच नाही. उजव्याने निम्मं. पाच-सहा वर्षं झाली."

मला वाटलं रडेल, किंवा चिडेल. ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला माझं बोलणं नकोसं झालंय. कान गेलाय सांगितलं असतंत तर मी ओरडून बोलले असते हो." मग राहिलेले चिमटे कपड्यांना लावून ती आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. नमुना काढायच्या आधी बाहेर बाकड्यावर किती वेळ बसवलं होतं, कोण शेजारी होतं, भीती वाटली का, हे मला विचारायचं होतं. पण आता विचारायचा हक्क आपल्याला कुठला, असं वाटून मी विचारलं नाही. ती माझी दुसरी चूक.

पुढच्या रविवारी तीच मला उल्हासनगरला घेऊन गेली. तिथे कानाच्या मशीनचं एक जुनं सिंधी दुकान आहे, तिच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांनी तिथूनच मशीन घेतलं होतं. दुकानदाराच्या मुलीने कान तपासले. या वेळी मी तिच्या कोपराकडे न बघता डोळे मिटून बसलो. कागदावरची रेघ पार खाली गेली. म्हाताऱ्या मालकांनी दोन्ही कानांत मशीन बसवलं आणि म्हणाले, "साईं, पंधरा दिन सबर करो. पहिले सब शोर लगेगा."

तसंच झालं. रिक्षा, पिशव्यांची सळसळ, माझ्याच चपलांचा आवाज, सगळं अंगावर आलं. घरी पोचल्यावर कळलं, आमचा पंखा कुरकुरतो आणि बायको काम करताना हळू आवाजात स्वतःशी बोलते. मी मॅनेजरलाही खरं सांगितलं. तो समजूतदार निघाला. मला स्टोअरला पाठवलं नाही, केबिन तेवढी आवाजापासून लांब हलवली, ऑफिसच्या इमारतीत. कुणी माझ्या पाठीमागे काही बोललं तर आता मला ऐकू येईल, हे खात्यातल्या लोकांनाही माहीत होतं.

मला वाटलं, आता सगळं सोपं झालं. कुणी आलं की बाकावर न्यायची गरज नाही, ओठांकडे बघायची गरज नाही. रिपोर्ट टाइप करता करता ऐकता यायचं. मी मान वर न करता म्हणायचो, "बोल, ऐकतोय." आणि खरोखर ऐकत होतो, शब्दन् शब्द.

दोन-तीन महिन्यांत लोक यायचे कमी झाले. माझ्या ते लक्षातही आलं नाही. मग एका दुपारी ब्रेक उशिरा लागणाऱ्या एका प्रेसची तक्रार मला थेट मॅनेजरच्या मीटिंगमध्ये कळली. ती मोरिवलीच्या त्याच ऑपरेटरने लेखी दिली होती. मी त्याला बोलावलं.

"माझ्याकडे का नाही आलास?"

"आलो व्हतो सायेब. सांगितला तुमाला."

मला आठवलं. तो आला होता. तो काय बोलला तेही मी जसंच्या तसं सांगू शकत होतो. तेव्हा मी 'बघू' म्हटलं होतं, आणि ते राहून गेलं होतं.

तो जायला वळला, पुन्हा थांबला. "राग नका मानू. मशीन लावल्यापासून तुमी ऐकत नाय. पहिलं तोंडाकडं बघायचात."

"तुझे वडील कसे आहेत?" मी विचारलं.

"जाऊन दोन महिने झाले."

मी उभा राहिलो. कॉम्प्युटर बंद केला आणि म्हटलं, "बस." तो म्हणाला, "प्रेस चालू हाय, सायेब," आणि गेला. तो रागावलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी प्रेस शॉपमध्ये त्याच्याकडे गेलो, जेवणाच्या सुट्टीत, आणि त्याच्या शेजारी डबा उघडून बसलो. त्याने वडिलांविषयी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हल्ली मी रोज तिथेच जेवतो. एखाद्या दिवशी कुणी बोलतं. रिपोर्ट संध्याकाळी लिहितो, बसला उशीर होतो.

खात्यात माझी गाडी अशी थोडीफार रुळावर आली. घरी तसं झालं नाही. बायकोने मला दोष दिला नाही, टोमणा मारला नाही. पण सांगायची सवय तिची तुटली होती. मी स्वयंपाकघरात स्टूल घेऊन तिच्यासमोर बसायला लागलो, तर ती अवघडून म्हणाली, "असं काय बघताय? जा ना बाहेर, चहा आणते." मी विचारायचो, "आज काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही, काय व्हायचंय?" एवढ्या वर्षांत तिने स्वतःपुरती सोय करून घेतली होती. रोज संध्याकाळी ती आतल्या खोलीत बसून बहिणीला फोन लावते. पाऊणएक तास. मी बाहेर बसलेला असतो आणि आता मला प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो. वरच्या मजल्यावरच्या बाईची नक्कल, भाजीवाल्याशी झालेलं भांडण, गुडघा कसा दुखतो, मुलीची कशी आठवण येते. ती मोठ्याने हसते. तिचं ते हसणं मी विसरलो होतो. मग दुसऱ्याचं पत्र फोडून वाचतोय असं वाटायला लागतं आणि मी कानातली दोन्ही मशीनं काढून डबीत ठेवतो.

ती बाहेर येते आणि ओठ हलवून विचारते, भात लावू का? मी मान हलवतो.

गेल्या आठवड्यात आम्ही अंबरनाथच्या शिवमंदिराला गेलो होतो, सोमवार नव्हता, म्हणून गर्दी नव्हती. दर्शन घेऊन बाहेर बसलो. एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन समोरून गेली. बायको तिच्याकडे बघत राहिली. मी काही विचारलं नाही, नुसता तिच्याकडे वळून बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माझ्या बालवाडीत होती ही. रोज माझ्या मांडीवर बसायची. ओळखलं नाही तिने."

'अगं, लहान होती ती तेव्हा,' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि वाट बघितली. ती अजून काही सांगेल असं वाटलं. तिने पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि म्हणाली, "चला, ऊन व्हायला लागलं."

आम्ही रिक्षा स्टँडकडे चालू लागलो. ती नेहमीप्रमाणे दोन पावलं पुढे होती.